एकच ॲप, निरनिराळे प्रोसेसर

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गस्तीच्या नोंदींसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली वापरतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने ती २०१० मध्ये आणली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत तिचे मोबाइल ॲप वापरले गेले.

अशा कोणत्याही ॲपचा प्रोग्राम प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये बदलावा लागतो. ते काम बिल्ड साधने करतात. लिनक्सवर त्यांतील काही साधने आधी ‘यूनेम’ या आज्ञेने संगणकाची माहिती घेतात आणि त्यावरून ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू’ असे नाव ठरवतात. त्यात प्रोसेसर, निर्माता आणि ऑपरेटिंग सिस्टिम क्रमाने येतात.

मात्र ॲप तयार होते लॅपटॉपवर आणि चालते फोनवर. त्यामुळे फोनचा प्रकार साधनाला वेगळा सांगावा लागतो. अँड्रॉइडमध्ये ३२ बिट आर्म प्रोसेसरसाठी ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’, तर ६४ बिटसाठी ‘आर्म६४-व्ही८ए’ ही नावे आहेत. ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने ६४ बिट आवृत्ती सक्तीची केली. ३२ बिटवर बंदी घातली नाही.

प्रोसेसरच्या भाषेतील भाग फक्त ६४ बिटसाठी बनवला, तर जुन्या ३२ बिट फोनवर ॲप बसतच नाही. जिथे असे जुने फोन अजून वापरात असू शकतात, त्या भामरागड, एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यांसाठी ॲप करणाऱ्यांनी म्हणूनच दोन्ही आवृत्त्या द्यायला हव्यात.