घरगुती मत्स्यालयातील दक्षिण अमेरिकी सिक्लिड मासे

दक्षिण अमेरिकी सिक्लिड हे सिक्लिडी या मत्स्यकुळातील, दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन, ओरिनोको इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत आढळणारे मासे होत. यांपैकी एंजल, ऑस्कर, डिस्कस व रॅम या जाती शोभिवंत मासे म्हणून जगभर पाळल्या जातात. पुण्यातील दुकानांत मिळणारे एंजल व ऑस्कर हे नदीतून पकडलेले नसून बंदिस्त पाण्यात अनेक पिढ्या पैदास केलेले असतात. मूळ प्रदेशाच्या सवयी मात्र त्यांनी सोडलेल्या नाहीत. त्यांच्या पालनातील बहुतेक अडचणी या सवयींकडे दुर्लक्ष केल्यामुळे उद्भवतात.

== ओळख ==
सिक्लिड माशाच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस एकच नाकपुडी असते. इतर बहुतेक माशांना दोन असतात. तोंडातील जबड्याखेरीज घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. पुढचा जबडा भक्ष्य पकडतो व घशातील जबडा ते चिरडतो. पिलांचे संगोपन हे या कुळाचे तिसरे लक्षण.

महाराष्ट्राला हे कुळ वाटते तितके परके नाही. गोव्यात काळुंदर म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मासा हा भारतातील मूळचा सिक्लिड आहे. उजनी जलाशयाच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया आफ्रिकेतला. त्याची मोझांबिक जाती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. दुकानांतून ‘शुभ’ म्हणून विकला जाणारा, कपाळावर उंचवटा असलेला फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात आढळणारा मासा नव्हे. मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून तो आग्नेय आशियात तयार करण्यात आला. मासळीबाजारातील रूपचंद हा मासा दक्षिण अमेरिकी खरा, परंतु सिक्लिड नाही.

== पाणी ==
अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील पाणी बहुतांशी मृदू व किंचित आम्लधर्मी असते. या बाबतीत पुणेकर सुदैवी होत. शहराला खडकवासला धरणसाखळीतून मिळणारे पाणी सह्याद्रीवरील पावसाचे असल्याने पुष्कळ मृदू असते. याउलट कूपनलिकेचे पाणी काळ्या कातळाच्या फटींतून झिरपून येते व त्यात क्षार अधिक असतात. अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये ही दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळतात. तेव्हा नळाला कोणते पाणी येते याची चौकशी आधी करावी. एंजल व ऑस्कर कठीण पाण्याशी बरेच जुळवून घेतात. डिस्कस व रॅम यांना ते सहसा मानवत नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास तो बराचसा उडून जातो. सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकल्यास लगेच नाहीसा होतो. दर आठवड्यास टाकीतील सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे. महापालिकेचा पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी बंद राहण्याचा वार बहुधा गुरुवार असतो आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. पाणी बदलण्यासाठी हे दोन दिवस टाळावेत.

या माशांना साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते, डिस्कसला २८ ते ३०. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान काही वेळा १० अंशांच्याही खाली जाते. त्यामुळे हीटर ही येथे चैन नसून गरज आहे.

== टाकी ==
नव्या टाकीत पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरे नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन्ही पदार्थ विषारी असतात, तिसरा त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजावर व वाळूवर पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही मासे मरतात ते यामुळेच, आणि घरच्यांना ‘मासे आपल्याला लाभत नाहीत’ असे वाटते. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

दुकानांत टाकीचे माप फुटांत सांगतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. म्हणून २ × १ × १ फूट टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. ती रॅमच्या एका जोडीला पुरते. एंजलला रुंदीपेक्षा उंची हवी, निदान दीड फूट. ऑस्कर विकत घेताना दोन इंचांचा असतो; तो एका वर्षात हातभर टाकीत मावेनासा होतो. पूर्ण वाढल्यावर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला ४ × दीड × दीड फूट, म्हणजे सुमारे २५५ लिटरची टाकी लागते. पाण्याचेच वजन अडीचशे किलो होत असल्याने ती साध्या टेबलावर ठेवू नये.

== स्वभाव व वीण ==
ऑस्करच्या तोंडात मावणारा प्रत्येक मासा हे त्याचे अन्न असते. एंजलची जोडी उभ्या पानावर किंवा काचेवर अंडी घालते व मग टाकीच्या त्या भागात इतरांना फिरकू देत नाही. डिस्कसचे संगोपन विलक्षण आहे. त्याची पिले सुरुवातीचे काही आठवडे आई-बापांच्या अंगावरील श्लेष्म खाऊन वाढतात, आणि हे काम नर व मादी आळीपाळीने करतात.

तयार गोळ्या, गांडुळे व कोळंबीचे तुकडे हा आहार पुरेसा होतो. सस्तन प्राण्यांच्या मांसातील चरबी माशांना नीट पचत नाही. जिवंत मासे खाऊ घातल्यास त्यांच्याबरोबर रोगही येतात.

== नदीत सोडण्याचा प्रश्न ==
मोठा झालेला मासा ‘जीवदान’ म्हणून नदीत सोडण्याची प्रथा हेतूने दयाळू, परंतु परिणामाने घातक आहे. मुठेचे पाणी मुळेस, मुळा-मुठेचे भीमेस व भीमेचे उजनी जलाशयास मिळते. उजनीत चिलापीची मोठी वाढ झाली आहे. काच साफ करण्यासाठी पाळला जाणारा दक्षिण अमेरिकी सकर मासाही तेथे पोचला असून त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात व त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. माणसाने सोडलेला ऑस्कर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कालव्यांत कायमची वस्ती करून आहे. नको झालेला मासा दुसऱ्या पालकास द्यावा किंवा दुकानदाराकडे परत करावा. दुकानदार मोठा ऑस्कर परत घेईल की नाही, हे छोटा घेतानाच विचारून ठेवणे सोयीचे.