उलट्या गाडीची वाट

आज आपण आपल्याच घाटातल्या एका जुन्या वाटेविषयी बोलणार आहोत. पावसाळा लागला की पाठीवर पिशव्या अडकवून मुलंमुली लोणावळा-खंडाळ्याला उतरतात. त्यातली काही खंडाळ्याच्या खाली जुन्या ‘रिव्हर्सिंग स्टेशन’कडे चालत जातात. वलवणला राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे नाव ऐकलंय. पण ते काय होतं आणि बांधलं कोणी, हे फारशा कोणाला ठाऊक नाही.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधे राहिला आपला बोरघाट. त्या काळात प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी धरायचे.

घाटात रूळ टाकणं सोपं नव्हतं. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत गाडीला साडेपाचशे मीटरहून जास्त उंची चढायची होती. काही ठिकाणी चढ सदतिसाला एक होता, म्हणजे सदतीस हात पुढे गेलं की एक हात वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे इंजिनाला हा चढ फार जड. आजही कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात, ती याचसाठी.

खंडाळ्याच्या अलीकडे तर डोंगराने गाडी वळवायलाच जागा ठेवली नव्हती. डोक्यावर भारा घेऊन उभा चढ चढताना आपण काय करतो? सरळ जात नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, नागमोडी चढतो. इंजिनिअरांनीही तेच केलं, पण गाडीला आपल्यासारखं जागच्या जागी वळता येत नाही. म्हणून डोंगराच्या सोंडेवर सपाट जागा करून तिथे स्टेशन बांधलं. कर्जतहून आलेली गाडी तिथे थांबायची. पुढचं इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे. मग मागचा डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने वर चढायची. हेच ते रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी उलटी फिरवण्याचं ठाणं.

काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ला घाटाचा मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे काळ्या कातळातून सुरुंग लावून काढले. १८६१च्या सुमारास एका वेळी ४२ हजारांवर माणसं इथे राबत होती. पुरुष पहार आणि घण चालवायचे, बाया आणि पोरं पाट्यांनी दगडमाती वाहायची. कड्यावरून पडून, सुरुंगात सापडून आणि सगळ्यात जास्त पटकीसारख्या रोगांनी माणसं गेली. अभ्यासकांच्या अंदाजाने मेलेल्यांचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात जातो.

मजुरी थेट हातात पडत नव्हती. वर गोरा कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम. पैसा झिरपत खाली यायचा आणि वाटेत मुरायचा. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. सरकारला चौकशी करावी लागली आणि त्या वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि महिन्याच्या आत वारला. तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट आपल्या हाती घेतलं आणि जाणकार माणसं नेमून काम तडीस नेलं. एका बाईने हे केलं याचं कौतुक आहेच. पण तिचं नाव इतिहासात राहिलं, आणि पाटी वाहणाऱ्या हजारो बायांपैकी एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबांना दाखवली, असं आपल्याकडे सांगतात. घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे, गाडीवाले तिथे हात जोडतात. कागदाने विसरलेल्या एका माणसाला लोकांनी असं जपलं.

साठ-पासष्ट वर्षांत गाड्या लांब आणि जड झाल्या. उलटं फिरवण्यात वेळ जायचा आणि लांब गाडी त्या सपाटीवर मावेना. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून रूळ दुसरीकडून नेले आणि जुना टप्पा सोडून दिला. तिथे झाडी वाढली आणि आता फिरणाऱ्यांची पावलं पडतात.

आपल्या गटांतल्या काहीजणी या पाहुण्यांना भाकरी-पिठलं करून घालतात, कोणाची मुलं वाट दाखवायला जातात. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, चालू रुळांवरून आणि बोगद्यांतून चालायचं नाही. रेल्वे कायद्याने त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायलाही जागा नसते. दुसरी, पायाखालचा दगड कोणी फोडला आणि कोणी वाहिला, ते सांगा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. रोजगार हमीच्या कामावर जाल तेव्हा हजेरीपटावर आपलं नाव आहे का, दिवस बरोबर मांडलेत का, मजुरी आपल्याच खात्यात आली का, हे दर वेळी बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या एकीला वाचायला लावा. घाटातल्या त्या बायांना विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.