श्वास मोकळा केला, आता इंधनाचे गणित जुळवा : जुन्या बॉनव्हिलच्या कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग

ब्रिटनमध्ये वसंताची चाहूल लागली, की हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकली पुन्हा रस्त्यावर येतात. त्यांत ट्रायम्फ बॉनव्हिल टी-120 चे स्थान मानाचे आहे. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन कारखान्यात तयार झालेली ही 649 सीसीची जुळ्या सिलिंडरची गाडी 1959 च्या हंगामासाठी बाजारात आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दिलेला स्वतंत्र कार्ब्युरेटर. तिच्या रूपावर आणि आवाजावर भाळलेले मालक पुष्कळदा दोन बदल करतात : मूळचे एअर फिल्टर काढून मोकळे फिल्टर किंवा नुसते कर्णे बसवतात, आणि मूळ सायलेन्सरऐवजी मेगाफोन पद्धतीचे मोकळे एक्झॉस्ट लावतात. त्यानंतर ‘मेन जेट एक नंबर मोठा टाकला, की काम झाले’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला अपुरा आहे, आणि त्याची किंमत कधीकधी वितळलेल्या पिस्टनच्या रूपाने मोजावी लागते.

मिश्रण पातळ का होते?

कार्ब्युरेटरमध्ये पंप नसतो. इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि बाहेरच्या वातावरणाच्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल जेटमधून वर चढते. जुना, दाट फिल्टर हवेला थोडा अडथळा करतो, त्यामुळे गळ्यातील दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जास्त ओढले जाते. कारखान्याने जेटचे आकार ठरवले ते हा अडथळा गृहीत धरूनच. तो दूर केला, की हवा वाढते आणि पेट्रोल ओढणारा जोर मात्र कमी होतो. मिश्रण पातळ होते, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालते.

एक्झॉस्टचा परिणाम याहून गुंतागुंतीचा असतो. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या दाबलहरी नळीच्या टोकाशी आदळून इंजिनाकडे परततात. काही वेगांना त्या जळालेला वायू ओढून घेण्यास साहाय्य करतात. काही वेगांना मात्र त्या उलट दिशेने ढकलतात आणि कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण पुन्हा कार्ब्युरेटरकडे लोटतात. तीच हवा गळ्यातून पुन्हा आत जाताना पेट्रोल दुसऱ्यांदा उचलते आणि मिश्रण दाट, म्हणजे ‘रिच’ होते. त्यामुळे एकाच गाडीत एका वेगाला मिश्रण पातळ आणि दुसऱ्या वेगाला दाट असे होऊ शकते. एकच जेट बदलून हा दोष निघत नाही, तो याच कारणाने.

पूर्ण भारावर पातळ मिश्रण घातक ठरते. ॲल्युमिनिअम साधारण 660 अंश सेल्सिअसला वितळते, तर सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जाते. पिस्टन टिकतो तो ज्वलन अल्पकाळ चालते म्हणून, आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतींकडे निघून जाते म्हणून. मिश्रण पातळ झाले, की नॉकिंगची शक्यता वाढते आणि हा तोल बिघडतो. हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला अशा वेळी वाचवणारी दुसरी यंत्रणा नसते.

आधी इंजिनाची तपासणी

कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी बाकीचे इंजिन ठाकठीक आहे याची खात्री करावी, अन्यथा दुसऱ्याच दोषावर जेटचा उपचार होतो. टी-120 च्या व्हॉल्व्हमधील मोकळीक इंजिन थंड असताना इनलेटला 0.002 इंच आणि एक्झॉस्टला 0.004 इंच असावी. एकसंध इंजिन-गिअरबॉक्सच्या मॉडेलांत पूर्ण ॲडव्हान्सला ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या 38 अंश आधी पडावी. हे स्ट्रोब दिव्याने दोन्ही सिलिंडरवर तपासावे. टायमिंग मागे पडले असेल, तरी गाडी पातळ मिश्रणावर चालल्यासारखी तापते आणि उचल घेत नाही.

दुसरा संशयित म्हणजे हवेची गळती. बॉनव्हिलवर 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या अमल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरचा फ्लँज नट जास्त आवळल्याने वाकतो आणि फटीतून हवा शिरते. सपाट पट्टी लावून तो तपासावा आणि ओ-रिंग नवी घालावी. स्लाइड आणि तिची वाट झिजली असेल, तर तेथूनही हवा शिरते आणि कितीही वेळा ‘स्लो’ सेट केला तरी तो स्थिर राहत नाही. अशा वेळी झिजलेला कार्ब्युरेटर बदलणे हाच उपाय. अमल कंपनी 1927 मध्ये बर्मिंगहॅममध्ये तीन कार्ब्युरेटर उत्पादकांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. तिचे कार्ब्युरेटर आज सॉल्झबरी येथे तयार होतात, त्यामुळे नवे भाग मिळणे अवघड नाही.

कोणत्या टप्प्यावर कोणाची सत्ता?

मूठ किती पिळली आहे यावरून कार्ब्युरेटरमधील कोणता भाग मिश्रण ठरवतो ते बदलते. मूठ बंद असल्यापासून एक-अष्टमांशापर्यंत पायलट जेटचे राज्य असते. एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश उघडीपर्यंत स्लाइडच्या कडेला दिलेला तिरपा काप निर्णायक ठरतो. एक-चतुर्थांश ते तीन-चतुर्थांशापर्यंत सुई आणि नीडल जेट, आणि त्यापुढे मेन जेट. या सीमा काटेकोर नसतात, एकाचा प्रभाव दुसऱ्यात मिसळतो. तरीही गाडी कोणत्या टप्प्यावर अडते हे कळले, की हात कोठे घालावा हे कळते. याकरिता मुठीच्या बुडख्यावर आणि स्विचच्या घरावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी आणि पाऊण उघडीच्या खुणा कराव्यात.

अमलने सुचवलेला क्रम असा : प्रथम मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडचा काप, मग सुई, आणि शेवटी पुन्हा पायलट. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये तो सारखाच करावा.

मेन जेट. अमलच्या जेटवरील आकडा दर मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल जाते ते सांगतो. म्हणजे 190 वरून 200 वर जाणे म्हणजे पेट्रोल सुमारे 5 टक्क्यांनी वाढवणे. अनेक जपानी जेटांवरचा आकडा छिद्राचा व्यास दाखवतो, म्हणून एकीकडचा आकडा दुसरीकडे चालत नाही. मोकळ्या फिल्टरनंतर मुद्दाम दोन-तीन पायऱ्या मोठ्या जेटने सुरुवात करावी आणि हळूहळू खाली यावे. दाट मिश्रणाने गाडी जड चालेल, काळा धूर सोडेल, पण इंजिन शाबूत राहील. पूर्ण उघडीवर मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी अधिक जोर धरत असेल, तर जेट लहान आहे असे समजावे.

पायलट. इंजिन गरम झाल्यावर हवेचा स्क्रू सुमारे दीड फेरा बाहेर ठेवून आरंभ करावा. हा स्क्रू हवेचा असल्याने आत फिरवला की मिश्रण दाट होते आणि बाहेर काढला की पातळ. फिरवूनही इंजिनात काहीच फरक पडत नसेल, तर पायलटची वाट बुजलेली आहे असे मानावे. कॉन्सेंट्रिकच्या अंगात दाबून बसवलेल्या त्या जेटचे छिद्र जेमतेम 0.016 इंचाचे, म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटरचे असते. हिवाळाभर साचलेल्या पेट्रोलची राळ ते सहज बंद करते.

स्लाइड आणि सुई. स्लाइडवरील 3 हा आकडा तीन-षोडशांश इंचाचा, म्हणजे सुमारे 4.8 मिलिमीटरचा काप दाखवतो. आकडा मोठा, तर हवा जास्त आणि मिश्रण पातळ. मूठ थोडीशी उघडताच कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येऊन इंजिन अडखळत असेल, तर लहान कापाची स्लाइड वापरून पाहावी. सुईची क्लिप खालच्या खाचेत नेली, की सुई वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढते. रोजच्या प्रवासात मूठ बहुतेक वेळ याच टप्प्यात असते. म्हणून गाडीचा स्वभाव सुईवर अवलंबून असतो, मेन जेटवर नव्हे.

दोन कार्ब्युरेटरचा मेळ

वरील सारे जुळले आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या नाहीत, तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो. एअर फिल्टर काढून दोन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीचे दोन ड्रिल बिट ठेवावेत आणि मूठ किंचित पिळताच दोन्ही बिट एकदम सैल पडतील असे केबलचे ॲडजस्टर फिरवावेत. मग एका सिलिंडरचा प्लग काढून, तो टोपीसह इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करावा, मात्र उघड्या प्लगच्या छिद्रापासून दूर. दुसऱ्या सिलिंडरवर इंजिन चालवून त्याचा स्लो लावावा, आणि हेच दुसऱ्या बाजूने करावे. इंजिनासमोर पंखा ठेवावा आणि गॅरेजचे दार उघडे असावे, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निकाल प्लगवरून वाचण्याची रीत जुनी आहे : पूर्ण उघडीवर गाडी चालवून क्लच दाबायचा, त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. ही चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नये. त्यासाठी रोलिंग रोडची सोय असलेली कार्यशाळा गाठावी. शिसेविरहित पेट्रोलमुळे प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून मोजमाप घेणे अधिक भरवशाचे. पूर्ण भारावर एक भाग पेट्रोलला वजनाने 12.5 ते 13 भाग हवा असे प्रमाण सुरक्षित मानले जाते.

पेट्रोलही बदलले आहे

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर 2021 पासून साधे पेट्रोल ई-10 झाले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला जेथे 14.7 भाग हवा लागते, तेथे ई-10 ला सुमारे 14.1 भाग पुरते. म्हणजे गाडीत काहीही न बदलता मिश्रण जवळपास 4 टक्क्यांनी पातळ होते, अमलच्या जवळजवळ एका जेटइतके. शिवाय इथेनॉल जुने रबर आणि काही प्लास्टिक खराब करते. जुन्या गाडीसाठी सुपर प्रतीचे ई-5 पेट्रोल वापरणे आणि इथेनॉल सोसणारे फ्लोट बसवणे श्रेयस्कर. गावाकडे बुलेट जपून ठेवलेल्यांनाही हे लागू पडते. भारतात आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आहे, महाराष्ट्रातील साखर कारखाने त्या इथेनॉलचे मोठे पुरवठादार आहेत, आणि जुन्या बुलेटचा मिककार्बही स्लाइड, सुई आणि जेट याच तत्त्वावर चालतो.

बदलापूर्वी आणखी एक विचार करावा. ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या आणि मूलतः न बदललेल्या वाहनांना वार्षिक एमओटी चाचणीतून सूट आहे, पण गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. सायलेन्सर तर सक्तीचाच आहे. काढलेले फिल्टर, सायलेन्सर आणि मूळ जेट तेलाचा हात देऊन, चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. प्रत्येक बदलाची तारीख, जेटचा आकडा, सुईची खाच आणि त्या दिवशीचे हवामान एका वहीत नोंदवावे. पुढच्या वसंतात गाडी अडखळली, तर तपासणीची सुरुवात कोठून करायची ते या वहीवरून कळेल.