वारंवार कोसळणारा विंडोज सर्व्हर
(लेखांक सहावा)

वारंवार बंद पडणारा विंडोज सर्व्हर तपासायला घेताना तो नेमका कशा प्रकारे बंद पडला हे आधी ठरवावे लागते. वीजपुरवठा तुटणे, कर्नेलने स्वतःहून काम थांबवणे आणि एखादी अत्यावश्यक प्रक्रिया मरण पावल्यामुळे यंत्रणा रीस्टार्ट होणे या तिन्ही घटना दूर बसलेल्या वापरकर्त्याला सारख्याच दिसत असल्या, तरी त्यांचा माग तीन वेगवेगळ्या ठिकाणी लागतो. हे वर्गीकरण न करता रॅम बदलणे किंवा संपूर्ण प्रणाली नव्याने बसवणे हा उपाय बहुधा महागात पडतो, शिवाय पुरावाही पुसला जातो.

वर्गीकरणाची सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीम लॉगपासून होते. तेथील १०७४ क्रमांकाची नोंद रीस्टार्टची आज्ञा कोणत्या व्यक्तीने वा प्रक्रियेने दिली ते सांगते, तर ६००८ क्रमांकाची नोंद मागील वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद पडले एवढेच कळवते. कर्नेल-पॉवर या नावाने येणारी ४१ क्रमांकाची नोंद मात्र अनेकांची दिशाभूल करते. ती यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जात असल्यामुळे तिला घटनेचे कारण मानता येत नाही. तिच्या तपशिलातील बगचेक कोड शून्य असेल, तर कर्नेलला थांबण्याची नोंद करण्याइतकीही सवड मिळाली नाही असे समजून यूपीएस, पॉवर सप्लाय, तापमान आणि सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपमध्ये विंडोजपासून स्वतंत्रपणे साठणारा लॉग तपासावा. हा कोड शून्य नसेल, तर तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवावे: तेथे दिसणारे २०९ म्हणजेच निळ्या पडद्यावर षोडशमान पद्धतीत दिसणारे डी१, जे सामान्यतः सदोष ड्रायव्हरकडे बोट दाखवते.

कर्नेल, म्हणजे प्रणालीचा सर्वाधिक अधिकार असलेला गाभा, स्वतःच्या स्मृतीत विसंगती आढळल्यास माहिती आणखी बिघडू नये म्हणून काम थांबवतो आणि त्या क्षणीची स्मृती डंप फाइलच्या रूपाने डिस्कवर उतरवतो. ही प्रत प्रथम पेज फाइलमध्ये लिहिली जाते आणि पुढील बूटच्या वेळी विंडोज फोल्डरमधील मेमरी.डीएमपी या फाइलमध्ये हलवली जाते. म्हणून जागा वाचवण्यासाठी पेज फाइल काढून टाकलेल्या सर्व्हरवर ऐन वेळी हाती काहीच लागत नाही. विनडीबीजी हे साधन मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल फाइलींच्या, म्हणजे स्मृतीतील पत्ते आणि फलनांची नावे यांची सांगड घालणाऱ्या फाइलींच्या, आधारे ही प्रत वाचते आणि संशयित ड्रायव्हरचे नाव देते. त्या नावावर ताबडतोब विश्वास ठेवू नये. एका ड्रायव्हरने बिघडवलेल्या स्मृतीला नंतर दुसऱ्याच ड्रायव्हरने हात लावला, तर चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार घडतो. यावर खात्रीचा मार्ग म्हणजे अनेक डंप शेजारी ठेवून पाहणे: दर वेळी तोच ड्रायव्हर आणि तोच फलनक्रम दिसला तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता वाढते, दर वेळी निराळे नाव आले तर रॅमची चाचणी घ्यावी, आणि षोडशमान पद्धतीतील कोड १२४ असेल तर प्रोसेसर, मदरबोर्ड व स्मृती यांच्याकडे वळावे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली, ती याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. वीस मूल्ये मिळत असताना एकविसावे मूल्य वाचण्याचा प्रयत्न कर्नेलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरने केला आणि तो ड्रायव्हर बूटच्याच वेळी सुरू होत असल्याने यंत्रे पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने पुसणे हाच अनेक ठिकाणी मार्ग उरला.

तिसऱ्या प्रकारात निळा पडदा दिसेलच असे नाही. मार्च २०२४ च्या सुरक्षा अद्यतनानंतर काही डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे संस्थेतील सर्वांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, एलसॅस ही ओळख पडताळणारी प्रक्रिया केर्बेरॉस पद्धतीच्या विनंत्यांसाठी घेतलेली स्मृती परत करीनाशी झाली, तिचा वापर फुगत गेला आणि अखेर ती कोसळताच सर्व्हर रीस्टार्ट होऊ लागले. अशा वेळी कर्नेलचा डंप शोधण्यात अर्थ नसतो. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये त्या प्रक्रियेच्या स्मृतीचा आलेख सतत चढता दिसला, की निदान जवळजवळ पूर्ण होते. या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता २२ मार्चपासून दिली.

ड्रायव्हर व्हेरिफायर हे साधन संशयित ड्रायव्हरला चूक करतानाच पकडण्यासाठी सर्व्हर मुद्दाम कोसळवते. ते कोठे वापरावे आणि चालत्या सर्व्हरवर त्यापासून दूर का राहावे, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.