संमेलनाची वारी आणि पोटरीतली गाठ

वाचकहो, आज थोडी माझीच चूक सांगणार आहे. डॉक्टरही चुकतो आणि त्याच्या चुकीतून चार लोक शहाणे झाले तर ती सांगण्यात कमीपणा नाही.

यवतमाळकरांना साहित्य संमेलनाचे वेड नवे नाही. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली आपल्याकडे संमेलन झाले, पुढे २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा झाले. तेव्हापासून आम्हा सात-आठ वाचनवेड्यांनी ठरवले, की जमेल त्या संमेलनाला जायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वे संमेलन अमळनेरला भरले. अध्यक्ष रवींद्र शोभणे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच. शिवाय अमळनेर हे साने गुरुजींचे गाव. मग काय, गाडी ठरवली आणि दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, मलकापूर, भुसावळ, जळगाव असे चारशेच्या आसपास किलोमीटर कापत निघालो.

जाताना सगळे शहाण्यासारखे झाले. दर दोन तासांनी थांबलो, चहा झाला, पाय मोकळे झाले. तीन दिवस व्याख्याने, कविता आणि पुस्तकांचे गाळे यांत कसे गेले कळले नाही. जेवणात शेवभाजी आणि भरीत होतेच.

घोटाळा झाला परतताना. ४ तारखेला समारोप आटोपून रात्रीच निघालो. प्रत्येकाला घरी जाण्याची घाई. आमच्यातले निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सारे गुरुजीच म्हणतो, वय ६८, मागच्या बाकावर खिडकीशी बसले. विकत घेतलेल्या पुस्तकांची दोन खोकी त्यांच्याच पायाशी ठेवली, त्यामुळे पाय लांब करायला जागा नाही. प्रोस्टेटमुळे लघवीला वारंवार जावे लागते, इतरांचा खोळंबा नको म्हणून त्यांनी दुपारपासून पाणीच कमी केले होते. मलकापूरला एकदा चहाला थांबलो तेव्हाही ते उतरले नाहीत. "झोपू द्या हो," म्हणाले. पहाटे घरी पोहोचलो तेव्हा त्यांचे पाय आठ-नऊ तास एकाच घडीत होते.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं वाटून राहिलं." मी हसून म्हणालो, "गुरुजी, बसून बसून अवघडला असाल. तेल लावून चोळा." हीच माझी चूक. पाय न पाहता सल्ला दिला, आणि तोही नेमका उलटा.

गुरुवारी काकूंचा फोन. त्या घरी शिवणकाम करतात. म्हणाल्या, "डॉक्टर, मी टेपनं मोजलं. डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंच जास्त भरते, अन् हाताला गरम लागते. चोळू म्हणता, पण मला भेव वाटते." माझ्या पोटात गोळा आला. चोळू नका, चालवू नका, मी येतो, एवढेच बोललो. दुपारी डॉप्लर सोनोग्राफी झाली. खोल शिरेत रक्ताची गाठ होती.

असे का होते? पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते पंपासारखे दाबले जातात. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसलो की पंप बंद पडतो, रक्त साचते आणि गोठू लागते. ही गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस दगावू शकतो. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा तळघरात रात्ररात्र आरामखुर्चीत बसलेले काही लोक असेच अचानक मरण पावले आणि डॉक्टरांचे लक्ष याकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो; मग वाहन विमान असो, एसटी असो, रेल्वे असो की मोटार. निरोगी माणसाला मुळात धोका फार कमी असतो, म्हणून घाबरून प्रवास सोडायचे कारण नाही. मात्र वय जास्त, वजन जास्त, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा बाळंतपण, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी झालेली गाठ, यांपैकी काही असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रवासात दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. पायाशी सामान ठेवू नये. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नये. गाडी थांबवायला सांगण्यात लाज कसली? रात्री उशिरा निघण्यापेक्षा मुक्काम करून सकाळी निघावे, चालकाच्या डोळ्यांवरही झोप येत नाही. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

प्रवासानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, एकाच पायाला सूज, दुखणे, गरमपणा किंवा लाली दिसली तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा. दम लागणे, छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर आली तर एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

गुरुजींना आधी इंजेक्शने आणि मग रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागल्या. आज ते ठणठणीत आहेत. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाले, "माफी काकूंच्या टेपला मागा." आता आमच्या गाडीत पुस्तकांची खोकी टपावर बांधतात, आणि दर दोन तासांनी गुरुजीच शाळेच्या घंटेसारखे ओरडतात, "चला, उतरा सगळे!"