परदेशी स्मार्टफोन आणि बोलीचे ध्वनिमुद्रण

कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांवर बोलीची सामग्री गोळा करू पाहणाऱ्या अभ्यासकाने स्मार्टफोन परदेशातून मागवावा काय? अमेरिकेत तो काही वेळा स्वस्त पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे २०२२ पासून विकल्या गेलेल्या आयफोन १४ व त्यापुढील प्रतिमानांत सिमकार्डाची खाचच नाही. ई-सिमवर भागवावे लागते. वाडीवर ज्या कंपनीचा मनोरा पोहोचतो तिचे कार्ड आयत्या वेळी घालण्याची सोय त्यामुळे उरत नाही. हमीच्या अटीही खरेदीच्या देशाशी निगडित असू शकतात.

मुद्रणाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. स्मार्टफोनमधील ध्वनिमुद्रक, मग तो देशी असो वा परदेशी, बहुधा ध्वनी संक्षेपित करून साठवितो. कथेचा आशय टिपण्यास तेवढे पुरते; महाप्राण व्यंजनांतील श्वासाचे मापन करावयाचे असल्यास मात्र असंक्षेपित मुद्रणच हवे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट व एका वाहिनीचे एक तासाचे मुद्रण सुमारे ३१८ मेगाबाइट जागा व्यापते. वृद्ध निवेदकाने एकदा सांगितलेली कथा त्याच शब्दांत पुन्हा मिळत नाही. तेव्हा येथेच दुरुस्त होऊ शकेल असे साधे यंत्र घेऊन उरलेला पैसा स्वतंत्र ध्वनिग्राहकावर खर्च करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.