आवाज कुठून आला?

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील मुक्की दरवाजातून कान्हाच्या अरण्यात शिरले की वाघ दिसण्याआधी 'ऐकू' येतो. म्हणजे तो स्वतः नव्हे. त्याला पाहून ओरडणारी चितळे आणि वानरे! सालवृक्षांच्या दाटीत पलीकडचे काही दिसत नाही. तरी गाईड जीप थांबवतो, मान जराशी इकडेतिकडे करतो आणि बोट दाखवतो, "त्या नाल्याकडे!" वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही (की असल्यामुळेच?) मला यातला हिशेब जाणून घ्यावासा वाटला.

डोळ्यांत उमटणाऱ्या चित्रात डावे-उजवे असतेच. कानाच्या पडद्यावर मात्र दिशेची खूण उमटत नाही. मेंदू दोन कानांच्या दोन खतावण्या ताडून पाहतो आणि फरकावरून दिशा काढतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजवीकडचा आवाज डोक्याला वळसा घालून डाव्या कानी पोचतो. त्याला उशीर होतो तो फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग! सरावलेली माणसे तर एक लक्षांश सेकंदाचा फरकही ओळखतात. ही वेळेची युक्ती जाड आवाजासाठी. बारीक, चिरका आवाज डोक्याआड अडतो आणि पलीकडच्या कानात मंद होतो. तेथे वेळेऐवजी मोठेपणा मोजायचा. ही विभागणी लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडली.

नेमका समोरचा आणि नेमका पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तेथे बाहेरच्या कानाच्या वळ्या थोडी मदत करतात. तरी शंका उरली, तर मान उजवीकडे वळवावी. आवाज समोरचा असेल तर आता डाव्या कानाला आधी पोचेल. मागचा असेल तर उजव्या. गाईडचे मान हलवणे ते हेच.

माझ्या काकांचा डावा कान लहानपणी फुटला, तो कायमचा गेला. "एका कानाने ऐकू येते ना, मग झाले!" असे लोक सहज म्हणून जातात. हॉर्न त्यांना ऐकू येतो हे खरे. पण कोणत्या बाजूचा ते कळत नाही, प्रत्येक ट्रक उजवीकडूनच आल्यासारखा वाटतो. एक खतावणी कोरी असल्यावर ताळा जमणार कसा? म्हणून ते सायकलवरून उतरतात, दोन्हीकडे नीट पाहतात आणि मगच रस्ता ओलांडतात. मागची मंडळी खोळंबतात, चिडतातही. बरोबर असलो की मी त्यांच्या डाव्या अंगाने चालतो.